पातालकोटची एका दिवसाची पायी सहल: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार मित्र जमले, दोन दिवसांची सुट्टी जुळली आणि सातपुड्याच्या दरीत उतरायचं ठरलं, की पुढे तेच ते प्रश्न येतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. उत्तरं पातालकोट डोळ्यांपुढे ठेवून दिली असली तरी पाणी, आभाळातली वीज आणि परतीची वेळ यांचं गणित कुठल्याही खोल, कोरड्या दरीला लागू पडतं.

पातालकोट नेमकं कुठे आहे? किती खोल?

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, तामिया तालुक्यात. पठाराच्या काठावरून तळापर्यंत साधारण १२०० ते १५०० फूट, म्हणजे ३६५ ते ४५७ मीटर. तळातून दुधी नदी वाहते आणि पुढे नर्मदेला मिळते. दरीत भारिया आणि गोंड लोकांची गावं आहेत. काही गावांपर्यंत आता गाडीरस्ता पोहोचला आहे, बाकी ठिकाणी पायवाट.

नागपूरहून पहाटे निघून रात्री परत येता येईल का?

येता येतं, पण येऊ नका. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया असा रस्ता आहे. दरीच्या काठापर्यंत एका बाजूने जवळजवळ २०० किलोमीटर होतात आणि वाटेत सिल्लेवानी घाट लागतो. चहापाणी धरून साडेचार-पाच तास कुठे गेले नाहीत. रात्री तीनला निघालात तरी उतरायला सुरुवात होईपर्यंत आठ वाजतात, आणि गाडी चालवणारा मित्र अर्धी झोप घेऊनच चढणीला लागतो. आदल्या संध्याकाळी तामियाला किंवा निदान छिंदवाड्याला मुक्काम करा. जामसावळीच्या हनुमानाचं दर्शनही मग घाई न करता होतं.

कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडी सुंदर असते, पण हेच दिवस अवकाळी पावसाचे आणि गारपिटीचे. सकाळी निळंशार आभाळ आणि दुपारी तीनला गडगडाट, असं या दिवसांत सहज होतं. एप्रिल-मे सोडून द्या. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत काठावरून दरी पाहा, भजी खा, परत या. नदीच्या पात्रात उतरू नका. ऑक्टोबर फसवा आहे: हिरवळ पाहून लोक जातात, पण हवेत दमटपणा, माथ्यावर कडक ऊन आणि दगडांवर शेवाळ अशी तिन्ही संकटं एकदम भेटतात.

हवामानाचा अंदाज कुठला पाहायचा? नागपूरचा चालेल का?

नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. छिंदवाडा जिल्ह्यासाठीचा इशारा हवामान खात्याच्या भोपाळ केंद्राचा असतो, तो पाहा. आदल्या दिवशी जिल्ह्याचा रंग बघा. पिवळा असेल तर बेत आखडता घ्या, नारिंगी किंवा लाल असेल तर दरीत उतरू नका. सकाळी निघण्याआधी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज पुन्हा बघा. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. आपल्या आसपास कुठे वीज पडते आहे ते त्यात दिसतं. मात्र दरीत नेटवर्क नसतं, म्हणून हे सगळं काठावरच पाहून घ्यायचं. एकदा उतरलात की भरवसा स्वतःच्या डोळ्यांवर. पश्चिमेकडे फुलकोबीसारखे फुगत जाणारे पांढरे ढग दिसले आणि त्यांचा तळ काळवंडू लागला, की घड्याळात किती वाजलेत याचा विचार न करता चढायला लागा.

उतरायला किती वेळ लागतो, चढायला किती?

डोंगरावर चढ आधी येतो, त्यामुळे दम लागला की माणूस आपोआप मागे फिरतो. दरीत उलटं आहे. ताजे पाय, गार हवा आणि उतार असताना सगळेच हिरो असतात. चढ येतो तो पाय थकल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर, बाटली रिकामी होत आल्यावर.

सवय नसलेल्या गटाला उतरायला दीड तास लागला तर चढायला अडीच ते तीन तास धरा. म्हणून मागे फिरायची वेळ काठावर उभं असतानाच ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. सकाळी सातला उतरायला सुरुवात केली असेल तर थंडीत जास्तीत जास्त बाराला आणि फेब्रुवारीनंतर साडेदहाला चढण सुरू व्हायला हवी. 'नदी आणखी दहाच मिनिटांवर आहे' हे वाक्य त्या वेळी कोणी ना कोणी म्हणतंच. तरी फिरायचं. डिसेंबरात सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो, पण दरीच्या तळाशी सावली त्याच्या बरीच आधी येते आणि पायवाटेवरचे दगड दिसेनासे होतात.

पाणी किती घ्यावं?

थंडीत माणशी ३ लिटर, फेब्रुवारीनंतर ४ लिटर. हे किमान आहे. एवढं ओझं कशाला, असं काठावर हमखास वाटतं, कारण काठ नागपूरपेक्षा सहाशे-सातशे मीटर उंच आहे आणि सकाळी तिथे स्वेटर लागतो. पण ४०० मीटर खाली उतरलं की हवाच अडीच-तीन अंशांनी गरम होते, वर वारा पडतो आणि तापलेल्या खडकांची धग वेगळीच. काठावरच्या गारव्यावरून तळाचा हिशेब केला, की पाणी हटकून कमी पडतं.

वाटणी अशी करा: एक भाग उतरताना आणि तळाशी, दोन भाग चढताना. एका मोठ्या बाटलीऐवजी एक-एक लिटरच्या तीन (फेब्रुवारीनंतर चार) बाटल्या घ्या. त्यातल्या दोनांवर (चार असतील तर तीनांवर) चिकटपट्टी लावून 'चढ' असं लिहा; तळाशी कितीही तहान लागली तरी त्या फोडायच्या नाहीत. बाटल्या वेगवेगळ्या असल्या की एक फुटली किंवा दरीत गडगडली तरी सगळं पाणी जात नाही. गाडीत माणशी एक लिटर वेगळं ठेवा, ते वर आल्यावर लागतंच.

नुसतं पाणी प्यायलं तर चालत नाही का?

तास-दीड तास चालतं. पुढे घामावाटे मीठ जात राहतं आणि आपण साधं पाणी ढोसत राहिलो तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजल्यासारखी वाटतात. मित्रांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पाजतात आणि त्रास वाढतो. चढणीवर तासाला अर्धा ते एक लिटर, घोट घोट; तासाला दीड लिटरच्या वर कधीच नाही. सोबत खारे शेंगदाणे किंवा फुटाणे चालू ठेवा.

माणशी दोन पाकिटं ओआरएस घ्या. दुकानदाराने रंगीत डबा पुढे केला तर परत करा आणि डब्ल्यूएचओच्या सूत्राचं पाकीट मागा. मोठं पाकीट १ लिटरसाठी असतं, छोटं २०० मिलीलिटरसाठी. मोठं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतून 'स्ट्राँग' करू नका, त्याने पोट बिघडतं. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

दरीतल्या झऱ्याचं पाणी प्यावं का?

तसंच नको. दुपट्ट्यातून गाळलं की गाळ जातो, जंतू जात नाहीत. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ, बहुधा अर्धा तास, थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा जोर कमी पडतो, म्हणून आधी निवळू द्या, गाळा आणि मग गोळी टाका. डोक्यावरचा दुपट्टा भिजवायला मात्र झरा उत्तम.

कपडे आणि जोडे कुठले?

पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, जीन्स सोडून कुठलीही पॅन्ट, टोपी आणि नागपूरकरांचा हक्काचा सुती दुपट्टा. जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटते. जोडे खोल नक्षीच्या तळव्यांचे हवेत आणि निदान दोन-तीन आठवडे वापरलेले. नखं दोन दिवस आधी कापा. उतरताना पाऊल पुढे सरकून अंगठा जोड्याच्या टोकावर आदळत राहतो आणि संध्याकाळी नख काळंनिळं होतं. म्हणून उतरण्याआधी घोट्याजवळची लेस आवळून बांधा आणि चढताना थोडी सैल करा. मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. पावसासाठी पोंचो घ्या, छत्री नको. अरुंद वाटेवर छत्री वाऱ्याने माणसाला ओढते.

एक काठी मात्र प्रत्येकाकडे हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची मोठाली वाळलेली पानं पायवाटेवर थरावर थर पडलेली असतात. पानाखाली घट्ट जमीन आहे, सुटा गोटा आहे की दोन दगडांमधली फट, ते वरून कळत नाही. काठीच्या टोकाने दाबायचं, आवाज ऐकायचा, मगच वजन टाकायचं. घोटे मुरगळतात ते बहुतेक इथेच, कड्यावर नाही.

खायला काय न्यावं?

तिखट-मिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, फुटाणे. संत्री न्यायलाच हवीत: नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची. सालं मात्र परत आणायची, ती लवकर कुजत नाहीत. आदल्या रात्री सावजी आणि निघताना तर्री पोहे हा बेत मोहात पाडणारा आहे, पण दुसऱ्या दिवशी दरीत त्याची फेड करावी लागते. सावजी परतल्यावर खा. गावात आधी सांगून ठेवलं तर मक्याची भाकर किंवा कुटकीचा भात मिळू शकतो. ठरलेले पैसे द्या, घासाघीस नको.

आमच्या डोक्यावर ऊन आहे, तरी नदीला लोंढा येऊ शकतो का?

हो, आणि जीव जातात ते अशाच वेळी. पठारावर कुठेतरी जोरदार सर कोसळते. उतार तीव्र, खडक उघडा, पाणी मुरायला माती कमी. ते सगळं पाणी अरुंद पात्रात एकदम येतं. तळाशी उभ्या असलेल्या माणसाला वरचा पाऊस दिसतही नाही, कारण त्याच्या वाट्याला आभाळाचा एक तुकडाच आलेला असतो.

पात्रात उतरण्याआधी काठावरची झुडपं पाहा. फांद्यांना अडकलेला काडीकचरा, वाळलेलं गवत, चिंध्या ज्या उंचीवर दिसतात तिथपर्यंत आधी कधीतरी पाणी चढलेलं आहे. जेवायला बसायचं ते त्या रेषेच्या वर. लोंढ्याआधी निवळ पाणी गढूळ होतं, पानं-काटक्या वाहून येऊ लागतात, ओल्या मातीचा वास येतो आणि खळखळ वाढत जाऊन तिची घरघर होते. यातलं एकही दिसलं की सामान सोडा आणि बाजूच्या उतारावर वर चढा. पात्रातून खाली पळू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येतं. गट दोन काठांवर विभागला गेला तर तसेच थांबा, एकमेकांकडे यायचा प्रयत्न करू नका. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की धडधाकट माणसाचाही पाय सुटतो. अशा छोट्या ओढ्यांचं पाणी बहुधा काही तासांत ओसरतं, म्हणून वाट पाहणं हाच खरा उपाय.

वीज कडाडायला लागली तर गुहेत किंवा झाडाखाली थांबावं का?

एकट्या झाडाखाली मुळीच नाही, मग ते मोहाचं झाड कितीही डेरेदार असो. उथळ कपारही नको. वीज खडकाच्या पृष्ठभागावरून धावत येते आणि कपारीच्या तोंडाशी उडी घेते. आत बसलेला माणूस तिला वाट करून देतो.

लकाकी आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तीनने भागा. तेवढे किलोमीटर वीज दूर आहे. अंतर ३० सेकंदांच्या आत आलं की आडोसा शोधायची वेळ झाली, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाईपर्यंत हलायचं नाही. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली गाडी सगळ्यात चांगली. दरीत असाल तर सुळका, उघडा कडा आणि पाणी यांपासून दूर, सारख्या उंचीच्या ठेंगण्या झाडीत जा, एकमेकांपासून १५-२० पावलांवर पांगा. पाय जुळवून, पिशवीवर उकिडवं बसा, झोपू नका. कोणाला झटका बसलाच तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात वीज साठून राहत नाही. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

उन्हाचा तडाखा बसलाय हे कसं ओळखायचं?

चक्कर, घाम, पोटऱ्यांत गोळे इथपर्यंत असेल तर सावली, ओआरएस आणि अर्धा तास आराम पुरतो. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, पावलं वेडीवाकडी पडायला लागली, अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय की नाही यावर जाऊ नका. अशा माणसाला चालवू नका. जोडे-शर्ट काढा, अंगावर पाणी ओता, दुपट्ट्याने जोरजोरात वारा घाला. मान, काखा, जांघा ओल्या ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. थंड करणं आधी, न्यायची धावपळ नंतर.

आणि डिसेंबरात भिजलो तर?

अंग कोरडं ठेवणं महत्त्वाचं. ओला सुती बनियान काढून फेका आणि कोरडा स्वेटर थेट अंगावर घाला. कुडकुडणाऱ्याला गोड चहा द्या, दारू नाही.

मधमाश्या, साप, अस्वल?

खरी भीती मधमाश्यांची. कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात. धूर, अत्तर, ड्रोन, दगडफेक, आरडाओरडा हे सगळं टाळा. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळा आणि थांबू नका. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटे नखाने किंवा एटीएम कार्डाने खरवडून पटकन काढा. घसा आवळतोय किंवा ओठ सुजतायत असं दिसलं तर तातडीने दवाखाना.

साप चावला तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं काहीही नको. पाय किंवा हात काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला उचलून वर न्या आणि छिंदवाड्याचं जिल्हा रुग्णालय गाठा. मण्यारचा दंश दुखतही नाही, म्हणून लक्षणं दिसायची वाट पाहू नका. अस्वलं मोहाच्या मोसमात पहाटे झाडाखाली असतात. उजाडल्यावर निघा आणि बोलत चला.

वाटाड्या घ्यायलाच हवा का?

हो. गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा वरून सारख्याच दिसतात आणि चुकीची वाट एखाद्या कड्याशी संपते. गावातलाच भारिया किंवा गोंड जाणकार घ्या. हिंदी सगळीकडे चालते. पैसे, किती जण आणि परतीची वेळ निघण्याआधी ठरवा. त्याने 'आज खाली नको' म्हटलं तर वाद घालू नका.

एक मित्र फारच मागे पडतो. काय करायचं?

त्यालाच पुढे ठेवा. गटाचा वेग तोच ठरवेल. सगळ्यात दमदार माणूस शेवटी, त्याच्या पुढे सगळे, आणि प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे. वळणावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. गट चार ते आठ जणांचा बरा. तिघांत एक जखमी झाला तर सोबत कोण थांबणार आणि मदतीला कोण जाणार, हा प्रश्न उरतो. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात, तीन वेळा वाजली की मदत हवी.

मोबाइल चालतो का?

तळाशी धरून चालू नका. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका, नाहीतर नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते. नागपुरात घरी एकाला सांगून जा: कुठून उतरणार, गाडीचा नंबर काय, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८.

सराव कसा करायचा? नागपुरात डोंगर कुठे आहेत?

सेमिनरी हिल्सचा चढ पाय मोकळे करायला ठीक. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या त्याहून चांगल्या. पण सगळ्यात प्रामाणिक परीक्षा जिन्यात होते. एक मजला सुमारे ३ मीटरचा, म्हणजे १४ मजली इमारत दहा वेळा चढलात की पातालकोटची चढण झाली. महिनाभर आधी सुरू करा: पाठीवर ५ किलोची पिशवी, पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या, मग वाढवत न्या. लिफ्टने उतरू नका. गुडघे बोलतात ते उतरतानाच, आणि त्या स्नायूंनाही सवय लागायला हवी.

तिथून जडीबुटी आणायची आहे, चालेल का?

स्वतः उपटून आणणं नको. २०१९ मध्ये पातालकोटला जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केलं गेलं आहे. शिवाय कुठलं मूळ कशाला लागतं हे पुड्यावरून ठरवणं धोक्याचं. हर्रा (हिरडा), चिरोंजी (चारोळी), मध गावात विकायला असेल तर घ्या. घरांचे आणि माणसांचे फोटो विचारूनच काढा.

लहान मुलांना नेता येईल?

दहा वर्षांवरच्या, पायऱ्या चढायची सवय असलेल्या मुलांना, तेही डिसेंबर-जानेवारीत. त्याहून लहान असतील तर काठावरून दरी दाखवा.

वर आल्यावर लगेच नागपूरकडे निघालं तर?

निदान तासभर थांबा. ओआरएस प्या, जेवा, मोजे बदला. चालवणारा जो असेल त्याला वीस मिनिटं तरी आडवं होऊ द्या, आणि शक्य असेल तर चालवणारे दोघं ठेवा. सिल्लेवानी घाट उजेडात किंवा निदान ताज्या डोळ्यांनी उतरायला हवा. थंडीत तिथे धुकं भेटलं तर मोठे दिवे बंद करा, बारीक दिवे लावा आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून हळू उतरा. सौंसरला आलात की चहा आणि गप्पा दोन्ही मराठीत मिळतात. तिथून सावनेरमार्गे घर.